एक घर आणि दोन घरे : बुद्धिबळातील ‘भारतीय’ प्रारंभांचा प्रश्न

१

बुद्धिबळाच्या युरोपीय ग्रंथांत डावाच्या प्रारंभाचे जे प्रकार सांगितलेले असतात, त्यांपैकी एका मोठ्या कुळाला ‘भारतीय’ हे विशेषण जोडलेले आढळते. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन, ओल्ड इंडियन ही नावे जगातील कोणत्याही स्पर्धेच्या वृत्तान्तात येतात. ज्या देशात या खेळाचा उगम झाला, त्या देशाचे नाव खेळाच्या एका अंगास मिळावे यात वरवर पाहता आश्चर्य वाटत नाही. परंतु या नावांचा खेळाच्या उगमाशी काहीही संबंध नाही. ती नावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाली, आणि त्यांच्या मुळाशी एका विशिष्ट भारतीय खेळाडूचे डाव आहेत.

या नावांचा उलगडा करताना सामान्यतः एक कारण दिले जाते. भारतीय पद्धतीच्या खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. युरोपीय पद्धतीत ते दोन घरे जाऊ शके. भारतीय खेळाडू युरोपीय पद्धतीने खेळू लागला तरी त्याचा हात जुन्या सवयीने एकच घर पुढे सरके, आणि त्यातून या संथ प्रारंभांचा जन्म झाला, असे हे स्पष्टीकरण आहे. त्यात तथ्य आहे. तथापि त्यातून एक गोष्ट गृहीत धरली जाते, ती अशी की, भारतीय खेळाडूने जे केले ते न कळत केले, आणि युरोपीय खेळाडूंनी पुढे तेच केले तेव्हा मात्र ते विचारपूर्वक केले. या गृहीताला पुरावा कितपत आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी तीन साधनांचा उपयोग करावयाचा आहे : मराठीतील बुद्धिबळाची परिभाषा, १८१४ साली मुंबईत छापलेला एक ग्रंथ, आणि मे १८५५ मध्ये कलकत्त्यास खेळला गेलेला एक डाव.

२

प्रथम दोन पद्धतींतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. देशी पद्धत सर्व प्रांतांत अगदी एकसारखी नव्हती. तरी तिची मुख्य लक्षणे सांगता येतात. प्यादे एका वेळी एकच घर चाले. काही ठिकाणी ठराविक प्याद्यांना प्रथम दोन घरे जाण्याची मुभा असे, पण तो अपवाद होय. राजा व हत्ती यांची एकाच चालीत अदलाबदल करण्याचा, म्हणजे किल्लेकोटाचा, नियम नव्हता. त्याऐवजी राजाला, त्यास शह बसलेला नसेल तर, डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्या मोहऱ्याचे रूप घेई. युरोपीय पद्धतीप्रमाणे खेळणाऱ्याच्या इच्छेवर ते सोडलेले नसे.

युरोपातही प्यादे मुळात एकच घर चालत असे. तेराव्या शतकापर्यंत तेथे पहिल्या चालीस दोन घरांची सवलत मिळू लागली होती. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये करविलेल्या क्रीडाविषयक ग्रंथात तिचा उल्लेख आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट यांना आजच्या लांब पल्ल्याच्या चाली मिळाल्या, आणि खेळाची गती एकदम वाढली. दहा-बारा चालींत मात होण्याचा संभव निर्माण झाला. अशा खेळात पहिल्या चालींचा क्रम चुकला तर डाव जातो. म्हणून पहिल्या चालींचे शास्त्र तयार झाले. युरोपात सोळाव्या शतकापासून बुद्धिबळावर जे ग्रंथ झाले, त्यांचा बराच भाग प्रारंभांच्या विवेचनाने व्यापलेला आहे, त्याचे कारण हे.

संथ खेळात प्रारंभाचे स्वरूप निराळे असते. मध्ययुगीन अरबी ग्रंथकारांच्या लेखनात, नवव्या शतकातील अल्-आद्ली व दहाव्या शतकातील अस्-सूली यांच्यापासून, ‘तबिया’ या नावाने काही ठराविक रचना दिलेल्या आढळतात. तबिया म्हणजे सैन्याची मांडणी. दोन्ही बाजू आपापल्या सैन्याची मांडणी पुरी करीत आणि मग चकमकीस आरंभ होई. येथे एखादे प्यादे आधी गेले की नंतर, याला फारसे महत्त्व नाही; अखेरीस कोणते मोहरे कोठे उभे राहिले, याला आहे. संस्कृत परंपरेतील शब्द वापरावयाचा तर हा व्यूह होय. संथ खेळातील प्रारंभ व्यूहप्रधान असतो आणि वेगवान खेळातील प्रारंभ क्रमप्रधान असतो, असे सूत्र मांडता येईल. पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३

भाषेच्या साक्षीकडे वळल्यास मराठीची परिभाषा बोलकी आहे. राजा, घोडा, उंट, हत्ती हे शब्द देशी. वजीर, प्यादे, शह, मात, मोहरा हे फारसी-अरबी. खेळाचे नाव ‘बुद्धिबळ’ हा मात्र संस्कृत समास. एकाच पटावर असे दोन स्तर नांदतात, आणि या खेळाचा प्रवास भारतातून इराणात, तेथून अरबी जगात व पुन्हा भारतात कसा झाला याची ती खूण आहे. चतुरंगातील रथ मराठी पटावर उरला नाही. कोपऱ्यात हत्ती आला आणि पूर्वी हत्तीचे असलेले घर उंटाला मिळाले. बंगालीत हेच बदल दुसऱ्या वाटेने गेले : तेथे गज हा आजही राजा-वजिराच्या शेजारी आहे आणि कोपऱ्यात नौका आहे. यावरून देशी खेळ सर्वत्र एकच नव्हता, हे परिभाषेवरूनही कळते.

आता या परिभाषेची डावातील अवस्थांप्रमाणे वाटणी केली तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. डावाच्या मध्यासाठी आणि शेवटासाठी मराठीत खास पटावर घडलेले शब्द आहेत. शह आहे, काटशह आहे, एका मोहऱ्याने दुसऱ्याला दिलेला जोर आहे, घोड्याची अडीच घरे आहेत. मातेचेही प्रकार आहेत. प्याद्याने केलेली ती प्यादेमात आणि ती विशेष मानाची समजली जाई. शह-काटशह, प्यादेमात, अडीच घरांची चाल हे शब्द पट सोडून राजकारणाच्या व व्यवहाराच्या भाषेत इतके मुरले आहेत की, ज्यांनी कधी पट मांडला नाही तेही ते सहज वापरतात. याउलट डावाच्या प्रारंभाला मराठीत ‘प्रारंभ’ किंवा ‘सुरुवात’ असे सर्वसाधारण शब्दच आहेत. त्यातील प्रकारांची नावे तर सगळी बाहेरून आलेली आहेत. ‘किल्लेकोट’ हा शब्द सुबक आहे. पण ज्या क्रियेचा तो वाचक आहे ती क्रियाच देशी खेळात नव्हती. म्हणजे हा शब्द युरोपीय नियम स्वीकारल्यानंतर घडला.

शब्द नाही म्हणजे विचारच नव्हता, असे अनुमान काढणे घाईचे होईल. भाषेत ज्या गोष्टीचे भेद करण्याची गरज पडते तिला नावे मिळतात. व्यूहप्रधान खेळात खेळाडूंना पहिल्या पाच-सात चालींचे वेगवेगळे क्रम एकमेकांपासून ओळखून काढण्याची गरज नव्हती. मातेचे प्रकार ओळखण्याची होती. परिभाषेतील ही विषम दाटी त्या गरजेची नोंद आहे, एवढेच म्हणणे योग्य ठरेल.

४

दुसरे साधन मुंबईचे आहे. १८१४ साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथ संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ या नावाने रचलेला असून शास्त्र्यांनी स्वतःच तो इंग्रजीत आणला. पेशवाईचा अस्त होण्यास त्या वेळी चार वर्षे अवकाश होता. दख्खनच्या संस्कृत विद्येला हा विषय नवा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त इतर राजक्रीडांबरोबर बुद्धिबळाचे वर्णन आले आहे, मूळच्या पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्करा’च्या ‘नीतिमयूखा’त या खेळाची माहिती दिली आहे. शास्त्र्यांचा ग्रंथ या परंपरेतला असला तरी त्याचा वाचक निराळा होता, आणि हे त्याच्या इंग्रजी शीर्षकावरूनच दिसते.

त्या शीर्षकातील दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. ग्रंथातील लेख ‘युरोपीय खेळपद्धतीला अनुसरून’ सिद्ध केले आहेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे १८१४ मध्ये मुंबई इलाख्यातील एका संस्कृत पंडिताला दोन्ही पद्धतींचे नियम माहीत होते. एका पद्धतीतील ज्ञान दुसऱ्या पद्धतीत नेताना काय बदलावे लागते, याचा त्याने विचार केला होता. आणि हे आपण केले आहे असे सांगण्यासारखे ते आहे असेही त्याला वाटले होते. ज्याला दोन भाषा येतात तोच भाषांतर करू शकतो. येथे भाषांतर संस्कृतातून इंग्रजीत झाले, तसेच एका नियमसंहितेतून दुसरीतही झाले.

दुसरी गोष्ट अशी की, हा ग्रंथ मुख्यत्वे ‘स्थितीं’चा किंवा अटीतटीच्या प्रसंगांचा आहे, असे शीर्षकच सांगते. पटावर मोहरे अमुक प्रकारे उभे आहेत. आता इतक्या चालींत मात करा, अशी ही कोडी. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम घडावा, हा त्यांचा हेतू. पूर्ण डावांची नोंद किंवा प्रारंभांची चिकित्सा हा या ग्रंथाचा विषय नाही. वर परिभाषेवरून जे दिसले त्याच्याशी हे जुळते : देशी परंपरेचे संचित डावाच्या अखेरीत आहे. ते नव्या नियमांत नेणे तुलनेने सोपे होते, कारण अखेरीच्या स्थितीत प्याद्याच्या पहिल्या चालीचा व किल्लेकोटाचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. जे नेण्यासारखे नव्हते, किंवा जे नव्याने कमवावे लागणार होते, ते प्रारंभाचे ज्ञान.

या ज्ञानाची कमाई कशी झाली हे दाखविणारे साधन मात्र मुंबईत मिळत नाही. त्यासाठी पूर्ण डावांची चालींसह नोंद हवी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात भारतीय खेळाडूच्या अशा नोंदी मोठ्या संख्येने निर्माण झाल्या त्या कलकत्त्यात. म्हणून तिकडे वळणे प्राप्त आहे.

५

जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यास वकिली करीत असे. तरुणपणी, १८२१ मध्ये, तो पॅरिसला देशापेल व ला बूर्दोने या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूंशी खेळला होता. १८२२ मध्ये त्याने बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता. १८४० नंतरच्या काही वर्षांत लंडनमध्ये हॉवर्ड स्टाँटनशी त्याचे असंख्य डाव झाले होते. १८४८ च्या सुमारास त्याला असे कळले की, मुफसलात एक ब्राह्मण खेळाडू आहे आणि तो आजवर कोणाकडून हरलेला नाही. हे महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी लेखनात त्यांचे नाव ‘मोहेशचंदर’ असे येते. त्यांना कलकत्त्यास आणण्यात आले, आणि पुढे १८६० पर्यंत या दोघांत शेकडो डाव झाले. कॉक्रेनच्या नावाने आज ओळखला जाणारा घोड्याच्या बळीचा धाडसी हल्लाही १८४८ साली त्याने प्रथम महेशचंद्रांविरुद्धच वापरला.

मे १८५५ मधील त्यांच्या एका डावाच्या पहिल्या आठ चाली पुढे दिल्या आहेत. घरे प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या बाजूने मोजली आहेत आणि स्तंभाला त्याच्या पायथ्याशी असलेल्या मोहऱ्याचे नाव दिले आहे. पांढरे मोहरे कॉक्रेनकडे, काळे महेशचंद्रांकडे.

१. वजिराचे प्यादे दोन घरे. राजाकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात.
२. वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे. राजाकडील घोड्याचे प्यादे एक घर.
३. वजिराकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात; वजिराचे प्यादे दोन घरे.
४. राजाचे प्यादे एक घर; राजाकडील उंट घोड्याच्या दुसऱ्या घरात.
५. राजाकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात; राजाच्या बाजूस किल्लेकोट.
६. उंटाच्या प्याद्याने वजिराचे प्यादे मारले. घोड्याने ते परत मारले.
७. राजाकडील उंट राजाच्या दुसऱ्या घरात. घोड्याने घोडा मारला.
८. घोड्याच्या प्याद्याने घोडा परत मारला. वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे.

पुढे पांढऱ्याने किल्लेकोट केला, मधली प्यादी मारली गेली, आणि डाव वजिराच्या बाजूस सरकला. पांढऱ्याच्या हत्तीने काळ्या वजिराला दोनदा हुसकावून त्याच्या मूळ घरी परत धाडले. सतराव्या चालीस पांढऱ्याचा घोडा काळ्या राजाच्या कोटाजवळ उतरला, अठराव्या चालीस त्याने उंटापुढील प्यादे मारले. काळ्याने उत्तरादाखल आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन पांढऱ्या वजिरावर घातला. आणि तेथेच डाव संपल्यात जमा झाला. घोडा उठताच घोड्याचा व मागून वजिराचा असा दुहेरी शह बसतो. राजा कोपऱ्यात गेला तर पांढरा वजीर त्याच्या शेजारी जाऊन स्वतःचा बळी देतो. हत्तीला तो मारणे भाग पडते. आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोडा मात करतो. राजा दुसरीकडे सरकला तर वजीरच त्याच घरात मात करतो. तीन चालींत संपणारी ही मात त्रेवंगडाचार्यांच्या संग्रहात शोभली असती.

६

महेशचंद्र हा डाव हरले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न त्यांच्या पराभवाचा नसून पहिल्या आठ चालींचा आहे. त्या चालींत प्रारंभी नमूद केलेल्या गृहीताची कसोटी घेता येते.

‘सवयी’चे स्पष्टीकरण खरे असेल तर काळ्या बाजूची प्यादी एकेक घर आणि पांढऱ्या बाजूची दोन-दोन घरे चाललेली दिसली पाहिजेत. प्रत्यक्षात काय दिसते? काही न मारता केलेल्या प्याद्यांच्या चाली मोजल्या, तर पांढऱ्याने दोनदा दोन घरांची व एकदा एका घराची चाल केली आहे. काळ्यानेही दोनदा दोन घरांची व एकदा एका घराची चाल केली आहे. बॅरिस्टर आणि ब्राह्मण या हिशेबात बरोबरीत सुटतात. शिवाय काळ्याने पाचव्या चालीसच किल्लेकोट केला आहे. देशी खेळात ही क्रियाच नव्हती. म्हणजे महेशचंद्रांना युरोपीय नियम नुसते ठाऊक होते असे नव्हे, तर ते त्यांच्या हाताखालचे झाले होते.

तेव्हा दुसऱ्या चालीस घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकले, ते दोन घरे नेता येत असताना सरकले. त्याचे कारण पटावरच दिसते. त्या प्याद्याने मोकळे केलेल्या घरात उंट जाऊन बसतो आणि तेथून पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचा लांब कर्ण त्याच्या ताब्यात येतो. युरोपीय ग्रंथांत या मांडणीला ‘फियांकेत्तो’ हे इटालियन नाव आहे. महेशचंद्रांनी प्रथम हा उंट बसविला, राजा त्याच्या आड सुरक्षित केला, पांढऱ्याला पटाच्या मध्यभागी प्यादी जमवू दिली, आणि आठव्या चालीस त्याच प्याद्यांवर, म्हणजे उंटाच्या कर्णावर उभ्या असलेल्या मध्यावर, आघात केला. येथे एका घराची चाल व दोन घरांची चाल एकाच योजनेचे भाग आहेत. एक घर व्यूहाचे आहे आणि दोन घरे क्रमाची आहेत.

सवयीचा यात काहीच भाग नाही, असे म्हणणे दुसऱ्या टोकाचे ठरेल. एका घराच्या चालींच्या खेळात वाढलेल्या माणसाला कोपऱ्याजवळच्या उंटाचे सामर्थ्य इतरांपेक्षा आधी दिसावे, हे स्वाभाविक आहे. त्या काळच्या युरोपीय खेळाडूची दृष्टी मध्यावर तात्काळ प्यादी रोवण्याकडे असे; ही मांडणी त्याला भित्री वाटे. महेशचंद्रांना ती तशी वाटली नाही, याचे मूळ देशी खेळात शोधणे योग्यच आहे. पण सवय ही केवळ हाताची असते तेव्हा तिला बंधन म्हणतात. नियम बदलल्यावर आणि दुसरी वाट खुली झाल्यावर ती तपासून, वेचून ठेवलेली असते तेव्हा तिला पद्धती म्हटले पाहिजे. १८५५ च्या या डावात सवयीची पद्धती झालेली दिसते.

नियमांचा हा पालट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. दुसरी भाषा बोलणारा माणूस आपल्या मातृभाषेची लकब तीत आणतो, तेव्हा प्रथम ती चूक म्हणून नोंदली जाते. कालांतराने तीच लकब त्या भाषेच्या घरच्या लेखकांनी उचलली की तिची शैली होते. चूक आणि शैली यांतला भेद पुष्कळदा वापर कोणी केला यावरच ठरतो, वापराच्या गुणावर ठरत नाही.

७

पुढील इतिहासाने या म्हणण्याला पुष्टी दिली. ‘भारतीय बचाव’ हे नाव १८८४ इतक्या लवकर छापलेले आढळते, आणि ते महेशचंद्रांच्या खेळावरूनच पडले. म्हणजे समकालीनांना त्यांच्या डावांत एक सुटी चाल नव्हे, तर ओळखता येण्याजोगी रीत दिसली होती. तथापि या रीतीला प्रतिष्ठा मिळण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर निम्झोविच, रेटी, तार्ताकोव्हर आदी मध्य युरोपातील खेळाडूंनी असे प्रतिपादन केले की, पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी तो दुरून, मोहऱ्यांच्या माऱ्याखाली ठेवता येतो; शत्रूला तेथे येऊ द्यावे आणि मग त्याच्या प्याद्यांनाच लक्ष्य करावे. हा विचार त्या काळी क्रांतिकारक मानला गेला. ‘भारतीय’ नावाची कुळे याच काळात रूढ झाली.

१९२२ मध्ये व्हिएन्ना येथे एर्न्स्ट ग्रुनफेल्डने एक नवा बचाव स्पर्धेत आणला आणि त्याच नगरीत त्याने अलेखिनवर विजय मिळविला. घोडा बाहेर, घोड्यापुढील प्यादे एक घर, तिसऱ्या चालीस वजिराचे प्यादे दोन घरे : हा तोच प्रारंभ, जो महेशचंद्रांनी सदुसष्ट वर्षांपूर्वी खेळला होता. आज तो ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखला जातो. १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध जिंकलेला विख्यात डाव याच प्रारंभाचा होता, आणि १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध याचाच आश्रय घेतला.

नावांच्या या वाटपात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. युरोपीय खेळाडूच्या शोधाला त्याचे व्यक्तिनाम मिळाले; भारतीय खेळाडूच्या शोधाला त्याच्या देशाचे नाव मिळाले. कॉक्रेनचा हल्ला कॉक्रेनचा आहे, ग्रुनफेल्डचा बचाव ग्रुनफेल्डचा आहे. महेशचंद्रांची रीत मात्र ‘भारतीय’ आहे. देशाच्या नावात गौरव आहे खरा. पण त्यात एक सूचनाही दडलेली आहे की, हे एका व्यक्तीच्या बुद्धीचे फळ नसून त्या लोकांची सहजप्रवृत्ती आहे. ‘सवयी’चे स्पष्टीकरण इतक्या सहजपणे पटते, त्याचे एक कारण हे नामकरण असावे.

नोंदीचाही प्रश्न येथे आहे. हे डाव टिकले ते कॉक्रेन व त्याच्या भोवतालच्या इंग्रज मंडळींना चाली टिपून नियतकालिकांस पाठविण्याची रीत होती म्हणून. देशी परंपरा मातेच्या स्थिती जतन करी, डाव जतन करीत नसे. त्यामुळे आपल्या प्रारंभांविषयीचा पुरावा परक्याच्या वहीत शोधावा लागतो. तथापि चालींच्या नोंदीचा एक विशेष असा की, लिहिणाऱ्याचे मत तिच्यात शिरू शकत नाही. टिपणकाराने ब्राह्मणाविषयी काहीही लिहिले असो, पाचव्या चालीचा किल्लेकोट तसाच राहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला इतके निःपक्षपाती साधन क्वचितच लाभते.

८

महेशचंद्रांनी जी वाट एकट्याने चोखाळली ती पुढे प्रत्येक भारतीय खेळाडूला चालावी लागली, आणि तिच्यातील अवघड टप्पा प्रारंभाचाच होता. पंजाबच्या सरगोधा भागातील मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढले होते. १९२८ मध्ये त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. इंग्लंडला गेल्यावर १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षी त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरविले. डावाच्या मध्यात व अखेरीस त्यांची गती असामान्य होती. प्रारंभाचे ग्रंथगत ज्ञान मात्र अपुरे असल्याने पुष्कळ डावांत त्यांना आधी अडचणीतून बाहेर पडावे लागे. त्रेवंगडाचार्यांच्या ग्रंथात जे असते आणि जे नसते, त्याचेच हे जिवंत उदाहरण होय. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली.

१९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांनी संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळविला. कलकत्त्याच्या त्या डावाला बरोबर शंभर वर्षे झाली होती. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी, मुंबई-पुण्यास इतरांनी, स्पर्धांचा जो पाया घातला त्यावर पुढील पिढ्या उभ्या राहिल्या. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये देशातील तिसरे ग्रँडमास्टर झाले. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी कोनेरू हम्पी यांना हरवून महिलांचा विश्वचषक मिळविला. त्या अंतिम सामन्यातील एकमेव निकाली डाव दिव्या यांनी काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. या खेळाडूंना प्रारंभाचे ज्ञान परके राहिलेले नाही.

देशी नियम मागे पडले. प्याद्याचे एक घर आता निवडीचा विषय आहे, सक्तीचा नाही. पण त्या नियमांची स्मृती दोन ठिकाणी उरली आहे. मराठी भाषेने जुन्या खेळाचा शेवट जपला : प्यादेमात, काटशह, अडीच घरे. जगाच्या परिभाषेने त्याचा आरंभ जपला : ‘इंडियन’ नावाचे ते सारे बचाव. हे दोन अर्धे एकत्र ठेवून वाचले तरच जुन्या डावाचे चित्र पुरे होते. महेशचंद्रांच्या प्रारंभाला ‘सवय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने एवढेच आठवावे की, राजाला किल्लेकोटात नेणारा आणि वजिराचे प्यादे दोन घरे लोटणारा तोच हात घोड्यापुढील प्याद्याला एकाच घरावर थांबवीत होता.